तेच विमान, तेच इंधन, मग एक कंपनी कमावते आणि दुसरी का बुडते?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की विमान कंपनी आतून कशी आहे, तिथली माणसं एकमेकांशी कशी वागतात आणि वरचा साहेब कसा आहे, यावर तिचं निम्मं भविष्य ठरतं. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी स्वतः मुंबई विमानतळावर 22 वर्षं काढली, दोन कंपन्यांत, आधी चेक-इन काउंटरला, मग रॅम्पवर (विमानाभोवतीचं सगळं काम चालतं तिथे), शेवटी ड्यूटी मॅनेजर म्हणून. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि बेवर, म्हणजे विमान उभं करतात त्या जागेवर, उभं राहून बघितलेलं जास्त सांगणार आहे.

प्रश्न : ताई, मी मॅनेजमेंट शिकतोय. आमचे सर सारखं 'कल्चर कल्चर' करतात. पण विमान तेच, इंधनाचा भाव तोच, विमानतळ तोच, तिकीटही शे-दोनशेच्या फरकाने सारखंच. मग कल्चरने नक्की पैसा कुठून येतो? की हे नुसतं बोलायला छान?
— एक विद्यार्थी, डोंबिवली

तुझी शंका रास्त आहे. हा शब्द इतका वापरलाय की पार गुळगुळीत झालाय. तो जरा बाजूला ठेव, आपण पैशापासून सुरू करू.

जगभरातल्या विमान कंपन्यांची सरासरी काढली तर चांगल्या वर्षात एका प्रवाशामागे सुटतात साधारण 7 डॉलर. म्हणजे सहाशेच्या आसपास रुपये. इंधन कंपनीच्या हातात नाही, विमानाचं भाडं डॉलरमध्ये, विमानतळाचे चार्जेस ठरलेले. हातात राहतं काय, तर आपलं विमान दिवसातले किती तास हवेत असतं ते. उभ्या विमानाचं भाडं चालूच असतं, कमाई मात्र शून्य. एक विमान दिवसात सात फेऱ्या मारतं असं धर, दर फेरीला जमिनीवरची दहा मिनिटं वाचली तर संध्याकाळपर्यंत सत्तर मिनिटं होतात, त्यात मुंबई-गोवा एक फेरी जवळपास बसते.

आता ती दहा मिनिटं कुणाच्या हातात असतात बघ. विमान बेवर लागलं, चाकांना चॉक, म्हणजे अडसर, लागले की घड्याळ सुरू. प्रवासी उतरतायत, खालून सामान निघतंय, केबिनमध्ये सफाईवाले घुसलेत, पलीकडे केटरिंगचा हायलिफ्ट, म्हणजे दारापर्यंत वर उचलली जाणारी जेवणाची गाडी, लागलाय, इंधनाची गाडी आली, इंजिनीयर टॉर्च घेऊन फेरी मारतोय, गेटवरची मुलगी बोर्डिंग सुरू करू का म्हणून वॉकी-टॉकीवर विचारतेय. हे सगळं अर्ध्या तासात उरकायचं. आणि यातल्या निम्म्या लोकांचे युनिफॉर्म वेगळे, साहेब वेगळे, पगार तर फारच वेगळे. हुकूम सोडून हे काम होत नाही, एकाने दुसऱ्याला वेळेत सांगितलं तरच होतं.

अमेरिकेतल्या साउथवेस्टची गोष्ट तुमच्या सरांनी सांगितली असेलच. 1971 मध्ये टेक्सासात सुरू झाली, लगेच पैसे संपत आले, 1972 मध्ये चारातलं एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचं होतं तेच तीन विमानांवर चालवायचं ठरवलं, आणि तिथल्या लोकांनी दहा मिनिटांत विमान परत उडवायला सुरुवात केली. गरज पडली तर पायलटही हात लावायचे. 1973 पासून 2019 पर्यंत सलग 47 वर्षं ती कंपनी नफ्यात होती. या धंद्यात हे जवळपास अशक्य वाटावं असं आहे.

पण मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, ती समजायला तुला डिले कोड माहीत हवा. विमान उशिरा सुटलं की त्या उशिराला एक नंबर द्यावा लागतो. 15 म्हणजे बोर्डिंग, 32 म्हणजे सामान चढवणं-उतरवणं, 36 म्हणजे इंधन, 93 म्हणजे मागून येणारं विमानच उशिरा आलं. ज्याच्या खात्याचा नंबर पडला त्याचं दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बौद्धिक. माझ्या पहिल्या कंपनीत रोज सकाळी अर्धा-पाऊण तास फक्त यावर भांडण व्हायचं, की कालची ती बारा मिनिटं कुणाची. आणि त्या भांडणाचा परिणाम असा व्हायचा की लोडिंगच्या सुपरवायझरला आधीच कळलेलं असायचं आपल्याला पाच मिनिटं जास्त लागणार, पण तो बोलायचा नाही, कारण बोललं की 32 आपल्या गळ्यात, त्यापेक्षा गप्प राहा, कदाचित इंधनाची गाडी उशिरा येईल आणि नंबर तिकडे जाईल. तो आधी बोलला असता तर मी दोन माणसं तिकडे वळवली असती. विमान वेळेवर गेलं असतं.

साउथवेस्टने यावर एक साधा उपाय काढला, 'टीम डिले' असा एक कोड. उशीर सगळ्यांचा मिळून. कोण चुकलं यापेक्षा काय चुकलं ते शोधा. हे वाचलं तेव्हा मी तिसऱ्या शिफ्टला होते आणि मला खरंच वाईट वाटलं होतं, की एवढी वर्षं आपण नंबरासाठी भांडण्यात घालवली.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच कॉन्टिनेंटलचं. दोनदा दिवाळखोरी बघितलेली कंपनी. त्यांनी साउथवेस्टची नक्कल करायला 1993 मध्ये कॉन्टिनेंटल लाइट काढली, स्वस्त तिकीट, जेवण बंद, भराभर फेऱ्या, सगळं तसंच. तोटाच झाला, 1995 मध्ये गुंडाळली. बाहेरचं सगळं उचलता आलं, रॅम्पवरचा एकमेकांवरचा विश्वास उचलता आला नाही. 1994 मध्ये आलेले कंपनीचे प्रमुख गॉर्डन बेथ्यून यांनी एक योजना लावली, देशात वेळेवर पोचण्यात आपण पहिल्या पाचात आलो तर त्या महिन्याचे 65 डॉलर प्रत्येकाला, लोडर असो की काउंटरवाली. पगारात मिसळून नाही, वेगळा चेक. नियमांचं जाडजूड पुस्तक तर पार्किंगमध्ये पेटवून दिलं. काही महिन्यांत तळाची कंपनी वर आली. रक्कम छोटीच होती, पण पहिल्यांदाच सगळ्यांचा फायदा एकाच घड्याळाला बांधला गेला. तुमच्या सरांना सांग, कल्चर शिकवायचं तर डिले कोडपासून शिकवा.

प्रश्न : मी एअरलाइनमधूनच निवृत्त झालो. आमच्या वेळी जेआरडी टाटांसारखा माणूस वर होता म्हणून संस्था मोठी झाली. आता तसं नेतृत्व नाही, हेच सगळ्या दुखण्याचं मूळ नाही का?
— एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

काका, जेआरडींबद्दल तुमच्याशी वाद घालायची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही. 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला स्वतः विमान चालवत आलेला माणूस, 1953 मध्ये सरकारने त्यांची एअर इंडिया ताब्यात घेतली तरी 1978 पर्यंत अध्यक्ष राहिला. प्रवास करून आले की नोट लिहायचे. जिनिव्हाहून चढवलेल्या चहाचा रंग आणि कॉफीचा रंग सारखाच, वेगळा ओळखू येत नाही, अशी त्यांची एक नोट प्रसिद्ध आहे. अध्यक्ष चहाचा रंग बघतो हे एकदा कळलं की चहा करणाराही बघायला लागतो. नेतृत्व म्हणतात ते मला तरी इथेच दिसतं, भाषणात नाही.

पण मूळ फक्त माणसात आहे असं मला वाटत नाही. एकाच माणसाच्या खांद्यावर कंपनी उभी केली की काय होतं ते आपण याच शहरात पाहिलंय. जेट एअरवेज 1993 मध्ये सुरू झाली तेव्हाची सेवा आठवा, मुंबईकर अभिमानाने सांगायचा की मी जेटने आलो. ऑक्टोबर 2008 मध्ये तिने जवळपास 1,900 जणांना काढलं, ती पोरं रस्त्यावर आली, आणि एक-दोन दिवसांतच कंपनीचे संस्थापक नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण काढायचं कुणी ठरवलं, परत घ्यायचं कुणी ठरवलं, सगळं एकाच मर्जीवर, तर मधली व्यवस्था होती कुठे? 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसर-मुंबई हे शेवटचं विमान उतरलं, तेव्हा हजारो लोकांचे काही महिन्यांचे पगार थकलेले होते. किंगफिशरचंही 2012 मध्ये तेच झालं, झगमगाट एवढा आणि इंजिनीयरला पगार नाही.

दुसऱ्या टोकाला एअर इंडिया बघा. 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्स तिच्यात विलीन केली, कागदावर कंपनी एक झाली, माणसं दोनच राहिली. ही आमच्यातली, तो त्यांच्यातला. पगाराच्या तफावतीवरून 2011 मध्ये पायलटांचा संप, नवीन ड्रीमलायनर विमानांचं ट्रेनिंग कुणाला यावरून 2012 मध्ये जवळपास दोन महिन्यांचा संप. तिथे कुणी एक माणूस वाईट नव्हता काका, दोन घरं एकत्र आणली आणि सुना-सासवांना कुणी ओळखच करून दिली नाही असं झालं. 2022 च्या जानेवारीत ती परत टाटांकडे आली, मग विस्तारा ही विमान कंपनी तिच्यात गेली नोव्हेंबर 2024 मध्ये. त्याआधी त्याच एप्रिलमध्ये विस्ताराच्या पायलटांच्या पगाराच्या नव्या रचनेवरून कितीतरी विमानं रद्द झाली होती. विमानांना नवा रंग महिनाभरात देता येतो. माणसं एकत्र यायला वर्षं लागतात, आणि त्यासाठी रोज कुणीतरी खाली उतरून बोलावं लागतं.

प्रश्न : आयर्लंडची रायनएअर बघा. स्टाफशी कडक, प्रवाशांशी कडक, तरी युरोपात सगळ्यात जास्त कमावणाऱ्यांत. मग प्रेमाने वागायची गरजच काय?
— एक व्यावसायिक, ठाणे

उदाहरण अगदी बरोबर काढलंत. मी कुठेही असं म्हणत नाही की गोड वागणं म्हणजे चांगलं कल्चर. रायनएअरची एक गोष्ट पक्की, ते जे सांगतात तेच करतात. स्वस्त म्हणजे स्वस्त, बॅगेचे पैसे म्हणजे पैसे. आतल्या आणि बाहेरच्या सगळ्यांना नियम माहीत असतात, त्यालाही किंमत आहे. पण सप्टेंबर 2017 मध्ये पायलटांच्या सुट्ट्यांचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, कोलमडलं आणि हजारो फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. तेव्हा सुट्टीच्या दिवशी या म्हणून विनवायची वेळ आली, आणि इतकी वर्षं युनियनला दारात उभं न करणाऱ्या कंपनीने त्याच डिसेंबरमध्ये पायलटांच्या युनियनला मान्यता द्यायची तयारी दाखवली. अडचणीच्या दिवशी माणूस स्वतःहून थांबतो की नाही, हे आधीच्या पाच वर्षांत ठरलेलं असतं.

आणि उलट बाजूही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलतेय असं होईल. ज्या साउथवेस्टचं वर एवढं कौतुक केलं त्यांचंच डिसेंबर 2022 मध्ये वादळानंतर क्रूच्या ड्यूट्या लावणारं सॉफ्टवेअर बसलं आणि 16,000 च्या वर फेऱ्या रद्द झाल्या. पायलटांची संघटना कित्येक वर्षं ओरडत होती की ही सिस्टीम जुनी झालीय. माणसं प्रेमळ होती हो, पण खालचा आवाज वर पोचून त्यावर पैसे खर्च झाले नाहीत. आपल्याकडे डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोचं झालं ते ताजंच आहे, पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी 2024 पासून सगळ्यांना माहीत होते, आठवड्याची विश्रांती 36 ऐवजी 48 तास, तरी वेळ आली तेव्हा एका दिवसात हजाराच्या वर फेऱ्या रद्द. ही तीच कंपनी जिने एकाच जातीची विमानं, वेळेवर उड्डाण यावर देशातला निम्म्याहून जास्त बाजार मिळवला. रोस्टर इतकं घट्ट विणलं की विश्रांतीला जागा उरली नाही, आणि हे रोस्टर बनवणाऱ्याला आधी दिसलं नसेल असं मला वाटत नाही. ते ऐकलं कुणी, हा माझा प्रश्न आहे.

प्रश्न : माझी मुलगी केबिन क्रू म्हणून लागून आठ महिने झाले. तिने एक-दोनदा काही सांगितलं तर सीनियर म्हणाल्या, नवीन आहेस, जास्त बोलू नकोस. तिने गप्प बसावं का? नोकरी जायची भीती वाटते.
— एक आई, मरोळ

ताई, तुमची भीती मला कळते, मरोळात निम्मी घरं विमानतळावरच चालतात. पण तिला सांगा, उद्धटपणे नको, मात्र बोलायचं. का ते सांगते. 27 मार्च 1977, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरची धावपट्टी, दाट धुकं. नेदरलँड्सच्या केएलएम कंपनीच्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला सगळ्यात मानाचा माणूस, जाहिरातीत फोटो असलेला. त्याने विमान पळवायला सुरुवात केली. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनीयरला शंका आली, समोरचं अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचं विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय, त्याने विचारलंसुद्धा. कॅप्टन ठामपणे म्हणाला, गेलं ते. यापुढे इंजिनीयर बोलला नाही. दोन्ही विमानं आदळली, 583 माणसं गेली.

त्यानंतर या धंद्याने एक गोष्ट शिकवायला घेतली, 1981 मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने पहिल्यांदा, आज जगभर सगळ्यांना सक्तीची आहे, तुमच्या मुलीलाही ट्रेनिंगमध्ये सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) नावाने शिकवली असेल. धाकट्याने शंका बोलायची, थोरल्याने ऐकून घ्यायची. म्हणजे तिला गप्प बस म्हणणारी सीनियर कंपनीच्याच शिकवणीविरुद्ध वागतेय. तिला म्हणावं, सुरक्षेची गोष्ट असेल तर लेखी रिपोर्ट टाक, तारीख-वेळ घालून, आणि मग बघ काय होतं. रिपोर्टला उत्तर आलं, कुणी बोलावून नीट विचारलं, तर तिथेच राहा, सीनियर आज ना उद्या बदलेल. रिपोर्ट टाकला म्हणून रोस्टरमध्ये सूड निघायला लागला तर दुसरीकडे अर्ज करायला लाग. वर्ष झालं की तिच्या अनुभवाला बाहेर किंमत आहे.

प्रश्न : मॅडम, मी लोडर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. विमान एका कंपनीचं, आमची कंपनी दुसरी, कार्ड तिसऱ्याचं. वेळेवर उडालं तर बोनस त्यांना, विमानाला काही लागलं तर आमची त्या दिवसाची मजुरी कापणार. आम्हाला कुठलं कल्चर?
— एक वाचक, कुर्ला

दादा, तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्याचं उत्तर लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तुम्ही म्हणता ते खरं आहे. कंपन्यांनी खर्च वाचवायला रॅम्प बाहेर दिला, आणि ज्या हातांवर वेळ आणि सुरक्षा अवलंबून तेच हात परके झाले. हे चुकीचं आहे असं मी नोकरीत असतानाही म्हणत होते.

माझ्या पहिल्या कंपनीत एका ट्रॅक्टरवाल्याने स्वतःहून येऊन सांगितलं होतं की ट्रॉली विमानाला घासली. त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. पुढच्या दोन वर्षांत कुणीही, काहीही सांगितलं नाही. ओरखडे दुसऱ्या शहरातल्या इंजिनीयरला दिसायचे, विमान तिथे अडकायचं, आणि इथे प्रत्येक जण म्हणायचा आमच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या कंपनीतली एक रात्र. जुलै, धो धो पाऊस, पावणेचारची वेळ. बेल्ट लोडर, म्हणजे सामान विमानात चढवणारा सरकता पट्टा, चालवणारा एक पोरगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, रेनकोटातून पाणी गळतंय, हात थरथरतायत. "मॅडम, माझ्याकडून लागलं." कार्गोच्या दाराखाली लिंबाएवढा खळगा. बाजूने बघितलं तर दिसायचाही नाही, पावसात तर मुळीच नाही. इंजिनीयरने मोजलं, मान हलवली, विमान थांबवलं. चार तास उशीर, प्रवाशांचा आरडाओरडा, मी सकाळपर्यंत गेटवर शिव्या खात होते. तो पोरगा तुमच्यासारखाच कॉन्ट्रॅक्टवरचा.

सकाळी शिफ्ट सुटताना आमचे स्टेशन मॅनेजर स्वतः रॅम्पवर आले, ब्रीफिंग केबिनमध्ये नाही घेतलं, शेडखाली सगळ्यांना गोळा केलं, लोडर, सफाईवाले, ड्रायव्हर, कुणाची कंपनी कुठली विचारलं नाही. त्या पोराला पुढे बोलावून म्हणाले, याने काल रात्री एकशेऐंशी माणसांची काळजी घेतली. कॉन्ट्रॅक्टरला तिथूनच फोन लावला, याचा रोज कापायचा नाही म्हणून. मग विचारलं, अजून कुणाला काही दिसलंय का, जे सांगायचं राहिलंय?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक हात वर आला, एका ट्रॅक्टरचा ब्रेक उशिरा लागतो. दुसरा म्हणाला कोपऱ्यातल्या बेचा दिवा आठवडाभर बंद आहे. तिसऱ्याने सांगितलं की त्या बेल्ट लोडरचं पुढचं रबर दोन महिन्यांपूर्वीच फाटलंय, त्यामुळेच काल लागलं, पण विचारलं कुणी नव्हतं. रबर त्याच दिवशी दुपारी बदललं.